मान हलवणारी बाई

मोखाड्याच्या आठवडे बाजारात पुष्पलता सुकटीचा वाटा कागदात बांधून घेत होती, तेव्हा शेजारी उकिडवी बसलेली एक बाई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता, ओळखीचं हसूही नव्हतं. एखादी वस्तू आपण कुठे ठेवली ते आठवताना माणूस जसं शून्यात बघतं, तसं काहीसं. मग ती म्हणाली, "तू ती टीव्हीवाली बाय ना? मान हालवनारी?"

पुष्पलताला हसू आलं. "हो, 'ओटीवर' कार्यक्रम मीच घेते."

"मंग आमचा पाडा कदी हालवायचा?"

"कुठला पाडा?"

"सूर्यमाळच्या वरला. सायेब बोलला ना टीव्हीत, पाडा खाली सडकंला आनायचा, लोकांची तयारी हाय म्हून. तू मान हालवलीस. तवापासून ईहीर खनायची थांबलीय." बाजारातून परतीची जीप कधी आहे हे विचारावं इतक्या सहज ती बोलत होती. आपलं नाव रामी आहे, भिवंडीला कामाला असलेल्या पोरानं, नितीननं, मोबाइलवर तो तुकडा पाठवला, तो पाड्यातल्या सगळ्यांनी पुन्हा पुन्हा बघितला, हेही तिनं सांगितलं. "हालवायचाच हाय तर कशाला खना, आसं बाप्ये बोलतात." तेवढ्यात जीपवाला ओरडला. रामीनं मिरच्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि उत्तराची वाट न बघता ती गर्दीत शिरली. पुष्पलता सुकटीचा पुडा हातात धरून तिथंच उभी राहिली. आपण त्या वेळी मान हलवली होती की नाही, हे तिला काही केल्या आठवेना.

जव्हारच्या एसटीत खिडकीशी बसून ती आठवत राहिली. साहेब म्हणजे पाणीयोजनांचे कुणी सल्लागार होते, ठाण्याहून आलेले. सरकारी माणूस नव्हे, त्यांनी सांगितलं ते त्यांचं स्वतःचं मत. त्यांच्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग होता. आवाज येतो म्हणून कॅमेरावाल्या गोकुळनं पंखा बंद केला होता आणि साहेबांच्या कानशिलावरून घामाचा एक ओघळ सावकाश खाली येत होता. हा ओघळ कॉलरपर्यंत पोचतो का, याकडे तिचं अर्धं लक्ष होतं. हे सगळं लख्ख आठवत होतं. लोकांची तयारी आहे असं ते म्हणाले, तेव्हा आपल्याला ते पटलं नव्हतं आणि आपण विचारलं होतं, लोकांना कुणी विचारलं का, हेही आठवत होतं. साहेब हसले होते. मग मान कधी हलवली? आणि जिनं आत नाही म्हटलं तिची मान बाहेर हो म्हणू शकते का? तिनं नकळत मानेवरून हात फिरवला. इतकी वर्षं शरीराचा हा भाग आपल्याजवळ आहे आणि आपण त्याच्याकडे कधी लक्षच दिलेलं नाही, असं तिला वाटलं. घाटातल्या वळणांवर गाडी हिंदकळली की तिची मान डुलत होती. समोरच्या बाकावरच्या आजोबांना वाटलं, ही आपल्यालाच हो म्हणतेय. त्यांनीही मान हलवली आणि दुष्काळाबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली. पुष्पलता घाईघाईनं खिडकीबाहेर बघू लागली.

'ओटीवर' सुरू झालं ते गोकुळच्या हौसेतून. जव्हारमध्ये त्याचा लग्नांच्या शूटिंगचा धंदा होता, केबलवाल्याशी दोस्ती होती. मोखाड्याच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या पुष्पलता गावित बाईंचं बोलणं स्वच्छ आहे, म्हणून त्यानं तिला गळ घातली होती. "ताई, आपल्या तालुक्यातली माणसं आपल्याच टीव्हीवर बोलतील. मुंबईची भांडणं किती दिवस बघायची?" मोबाइलच्या दुकानावरची एक खोली, मागं वारली चित्राचा पडदा, दोन खुर्च्या आणि एक कॅमेरा. कॅमेरा एकच असल्यामुळे तो सबंध वेळ पाहुण्यावर असायचा. पाहुणा निघून गेला की गोकुळ तो वळवायचा तिच्याकडे. मग रिकाम्या खुर्चीकडे बघत तिनं आपले प्रश्न पुन्हा विचारायचे आणि थोडा वेळ नुसती मान हलवायची. पहिल्यांदा तिला फार हसू आलं होतं. पुढे सवय झाली. खुर्चीच्या पाठीवर एक खिळा वर आला होता, त्याच्याकडे बघत ती समजूतदारपणे मान हलवायची. तुकडे जुळावेत म्हणून गोकुळनं तिला दर वेळी तीच हिरवी साडी नेसायला सांगितली होती, आणि आता ती साडी तिच्या कपाटात गणवेशासारखी वेगळी टांगलेली असे.

"गोकुळ, साहेबांचा भाग लाव," ती जिना चढून येताच म्हणाली.

त्यानं लावला. साहेब म्हणाले, लोकांची तयारी आहे. आणि पडद्यावर पुष्पलता आली. तिनं हळूच डोळे मिटले, उघडले आणि मान खाली नेऊन वर आणली. एकदाच. असं की जणू हे आपल्यालाही कधीपासून ठाऊक होतं आणि आज कुणीतरी ते बोललं. मग पुन्हा साहेब.

"मी इथं प्रश्न विचारला होता."

"हो ना. पण साहेब नुसते हसले, उत्तरच दिलं नाही. मग तो उडवला, आणि उडवलेल्या जागी सांधा दिसायला नको म्हणून तुमची मान टाकली." तो अगदी सहज सांगत होता, शिवणाऱ्यानं ठिगळ दाखवावं तसं. "माझ्याकडे तुमच्या मानांचा साठाच आहे, ताई. नाहीतर दर वेळी कुठे बसवून घेऊ तुम्हाला." त्यानं दुसरं एक फोल्डर उघडलं. त्याला नाव दिलं होतं, 'माना'.

त्यानं त्या एकामागून एक दाखवल्या. पुष्पलता बघत गेली आणि तिची लाज हळूहळू मागं पडत नुसतं कुतूहल उरलं. ही बाई किती तऱ्हांनी हो म्हणत होती. एक मान घाईची होती, पुढच्या प्रश्नाकडे डोळा ठेवून हललेली. एक दुखवट्याला बसल्यासारखी. एकीत ओठ आत ओढले होते, तशी ती प्राचार्यांसमोर हलवते हे तिला आत्ता कळलं. आणि एक तर वडिलांसमोरची. वडील शाळामास्तर. घरात शुद्ध बोला, असा त्यांचा दंडक होता. आईला ते जमायचं नाही. ती होती सूर्यमाळच्या बाजूच्या पाड्यातली, तिची बोली वेगळी, तिचं मराठी चालताना ठेचाळायचं. म्हणून वडील घरात असले की आई बोलायचीच नाही, फक्त मान हलवायची. ते शाळेत गेले की मात्र नागली पाखडता पाखडता आपल्या बोलीत कहाणी लावायची आणि दर वाक्याला पोरीकडून हुंकार घ्यायची. हूं म्हटलं नाही की कहाणी तिथंच थांबे. राक्षस दाराशी उभा असला तरी आई सूप खाली ठेवायची आणि म्हणायची, निजलीस का? त्या हूंमध्ये राक्षसाचं पटलं असं थोडंच होतं. मी इथं आहे, जागी आहे, पुढे चल, एवढंच त्यात होतं. आई गेली तेव्हा पुष्पलताला कितीतरी दिवस वाटत होतं की ती कुठेतरी मधेच थांबून राहिली आहे, आपलं हूं म्हणायचं राहून गेलं म्हणून.

"ती साहेबांच्या भागातली मान मात्र वेगळी आहे," ती म्हणाली. "ती मी खिळ्याकडे बघून केलेली नाही."

गोकुळनं ती पुन्हा लावली, थांबवली, डोकं खाजवलं. "खिडकी उघडी आहे बघा. उजेड डावीकडून आलाय. ही मंगळूबाबाच्या दिवशीची." मंगळूबाबा म्हणजे रामीच्याच पाड्यावरचा म्हातारा, जुन्या दिवसांबद्दल बोलायला जीपमधून आणलेला. सुरुवातीला तो बेतानं मराठीत बोलला आणि मग बोलता बोलता आपल्या बोलीत उतरला, तो बराच वेळ त्यातच राहिला. "मला काही कळेना ताई. काहीतरी महत्त्वाचं बोलतोय की नुसताच बरळतोय. म्हणून मी कॅमेरा हळूच तुमच्याकडे वळवला. म्हटलं, तुमच्या तोंडावरून कळेल."

"आणि कळलं?"

"महत्त्वाचं वाटलं. पण तो भाग ठेवला नाही. लोकांना समजला नसता. मूळ रेकॉर्डिंगही पुसलं, जागा नव्हती. तुमची मान तेवढी चांगली आली होती म्हणून काढून ठेवली."

पुष्पलता त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्याचं बोलणं गेलं होतं आणि त्याला दिलेला होकार मागं राहिला होता, आणि तो तिसऱ्याच माणसाच्या बोलण्याला टाचला गेला होता. पण तिला जास्त टोचत होतं ते निराळंच. मंगळूबाबा काय म्हणाला होता, हे तिलाही आठवत नव्हतं. त्याचे पिवळट डोळे आठवत होते, बोटानं मांडीवर काहीतरी काढत होता ते आठवत होतं, आईचे शब्द इतक्या वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना छातीत काहीतरी सैल झालेलं आठवत होतं. पण शब्द नव्हते. कशाला आपण इतक्या मनापासून हो म्हटलं असेल? आयुष्यात आपण असं कितीदा म्हटलं? ती रात्री घरी भाकरी थापतानाही तेच विचारत होती, आणि सकाळी उठली तेव्हा प्रश्न तसाच अंथरुणाशी बसलेला होता. तिनं गोकुळला फोन केला. "आपण सूर्यमाळला जाऊ. कॅमेरा घे."

पाडा रस्त्यापासून बराच वर होता. चढताना पायांखाली वाळलेली पानं आणि सैल दगड, कुठेकुठे मोहाच्या फुलांचा उरलासुरला वास. बायका हंडे घेऊन खालच्या झऱ्याकडे निघाल्या होत्या. त्यांनी पुष्पलताला ओळखलं आणि आपसात काही बोलून त्या हसल्या. मंगळूबाबा घरासमोरच्या मांडवाखाली बसला होता. तिनं त्याच्याजवळ बसून विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही टीव्हीवर काय सांगत होतात? आपल्या बोलीत. मी मान हलवली होती बघा."

म्हाताऱ्यानं बराच विचार केला. "मना काय ठाव," तो शेवटी म्हणाला. "तू मान हालवत होतीस म्हून मी बोलत गेलो. नायतर इतका कोन बोलतंय." मग त्यालाच उत्सुकता वाटली. तो पुढे वाकला. "काय बोललू मी? चांगला बोललू?"

"चांगलं बोललात," ती म्हणाली, आणि हे ती खोटं बोलत नव्हती. तरी उतरताना जसा पाय शेवटची पायरी समजून मोकळ्यात पडतो, तसं तिला झालं. म्हणजे होकारामुळे बोलणं झालं होतं, आणि बोलण्यामुळे होकार, आणि दोघांच्या मध्ये जे काही होतं ते आता कुणाकडेच नव्हतं.

रामी आली. तिनं पुष्पलताला विहिरीकडे नेलं. पाड्याच्या टोकाला, एका उंबराच्या पलीकडे, दोन माणसांच्या उंचीइतका खोल खड्डा होता. कडेला मातीचा ढीग, त्यावर उलथी घमेली, एका फावड्याच्या पात्याला गंज चढायला लागलेला. हळूहळू माणसं जमली. गोकुळनं कॅमेरा लावला, पण खुर्च्या नव्हत्याच, तेव्हा तो कुणाकडे रोखावा हे त्याला समजेना. "बोलेल त्याच्याकडे वळव," पुष्पलता म्हणाली, "आणि काही कापू नको." मग ती लोकांना सांगायला लागली. कॅमेरा कसा एकच असतो, माना कशा नंतर घेतात, एका जागची मान दुसऱ्या जागी कशी जाते. वर्गात धडा समजावून सांगताना येतो तसा तिचा आवाज आधी आला, मग तो विरला आणि ती नुसतीच बोलू लागली. साहेबांचं म्हणणं त्यांचं एकट्याचं होतं, पाडा हलवायचं कुठेही ठरलेलं नाही, हेही तिनं दोनदा सांगितलं.

रामीला पहिल्यांदा समजलं. "म्हंजी मुंडी तुजी, पन ती मंगळूबाबाची. आन सायबाच्या बोलन्याला लावली."

"हो."

"मंग आमी उगाच थांबलो."

"माझ्यामुळे थांबलात," पुष्पलता म्हणाली. हे वाक्य ती चढावर मनात घोळवत आली होती. ते उच्चारल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं.

मागं उभा असलेला एक माणूस पुढे आला. तो लाडक्या, विहिरीच्या कामाचा म्होरक्या. तो बोलला तेव्हा पुष्पलताकडे न बघता विहिरीत बघत होता. "तुज्यानं नाय थांबली," तो म्हणाला. "कातळ लागला हुता. तुजा तो तुकडा यायच्या आदीच. पहारीनं ठिनग्या निगत हुत्या, आन खाली काय नाय. पोरं वैतागली. मी बी वैतागलो. पन मीच सगळ्यांना कामाला लावलेलं, मी कसा सांगू की आता नको. मंग ह्यो मोबाइल आला. मी बोललो, बघा, बाईनं मान हालवली, पाडा हालनारच हाय."

 गोकुळचा कॅमेरा लाडक्यावर होता, नंतर काय करावं न सुचून तो तसाच राहिला. रामीनं नवऱ्याच्या अंगावर टाकावी तशी एक नजर लाडक्याकडे टाकली, तो तिचा दीर होता. "तुमी आसं बोलला नाय," ती म्हणाली. "आमी बाया रोज झऱ्यावर जातोय आन तुमी बाईच्या मुंडीवर बिल फाडलाव." एक म्हातारी तोंडावर पदर घेऊन हसली. मग सगळेच एकदम बोलू लागले, अर्धं मराठीत, अर्धं बोलीत. जागाच चुकली म्हणणारे होते, जागा बरोबर आहे, हात कमी पडले म्हणणारे होते. उंबराच्या जवळ खणायला हवं होतं हे आपण आधीच सांगितलं होतं, असं तिघे वेगवेगळे लोक सांगत होते. कातळ फोडायला मशीन आणता येईल का, ग्रामपंचायतीत कुणी जायचं, यावरून जुनी भांडणं निघाली. पुष्पलता मधोमध उभी होती आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती थोडी खट्टू झाली. आपल्या एका मानेनं विहीर थांबली, या विचारात आपण थोडंसं सुख तर घेत नव्हतो ना, असं तिला वाटून गेलं, आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं.

"हे टीव्हीवर दावनार?" लाडक्यानं तिला विचारलं. बाकीच्यांचा आवाज खाली बसला.

"तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही नको म्हणालात तर तुमचं बोलणं ठेवणार नाही."

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "दाव," तो म्हणाला. "पन कातळाचा बी फोटू घे. नायतर लोक बोलतील, आळशी हुते."

गोकुळ विहिरीत सोडलेल्या शिडीवरून उतरायला तयार नव्हता, त्याच्या हातात कॅमेरा. "ताई, तुम्ही मोबाइलवर घ्या," तो म्हणाला. पुष्पलतानं हिरव्या साडीचा पदर खोचला आणि ती बांबूच्या शिडीवर पाय ठेवत उतरू लागली. दोन-चार पायऱ्यांखालीच ऊन संपलं. वरचे आवाज जाड झाले, मग लांब गेले. मातीच्या भिंतीतून मुळ्या लोंबत होत्या. तळाला पाय टेकले आणि पायांना वहाणांतूनही गारवा कळला. समोर कातळ होता, काळा, पहारीचे पांढरे ओरखडे उमटलेला. तिनं फोटो घेतला. मग दुसरा. तेवढ्यात तिला कातळाच्या बुडाशी, माती आणि दगड जिथं भेटत होते तिथं, एक अधिक काळा पट्टा दिसला. तिनं खाली बसून त्यावर तळवा टेकला.

वरून कडेनं डोकी वाकली होती. आभाळ त्यांच्या मध्ये गोल आणि लहान दिसत होतं. "काय हाय?" लाडक्याचा आवाज आला. "वल लागतीय का?"

सगळे थांबले होते. पुष्पलताला एकदम कळलं की आपला हात घामानं भिजलेला होता, शिडीवरून उतरताना. तिनं तळवा साडीला पुसला, चांगला कोरडा केला, बोटांमधलाही. तो पुन्हा दगडाच्या बुडाशी ठेवला आणि वाट बघितली. वरून पुन्हा कुणीतरी विचारलं.  बराच वेळ गेल्यावर तिनं हात उचलून डोळ्यांजवळ आणला. रेषांमध्ये काळं, गार पाणी भरलं होतं, अगदी थोडं.

"वल हाय," ती म्हणाली. आईसारखं.

 मग शिडी करकरली. रामीनं लुगड्याचा काचा वर ओढून घेतला होता आणि ती पाठमोरी उतरायला लागली होती.

"सरक जरा," ती म्हणाली. "मना बघू दे."